फुलांचा सौदा आणि ऐनवेळचा बदल

व्यापारी घरात शब्दाला मोल असते. सौदा तोंडी ठरला तरी तो वहीत मांडल्यासारखाच मानायचा, भाव उतरला म्हणून माल नाकारायचा नाही आणि भाव चढला म्हणून तो अडवून ठेवायचा नाही, ही शिकवण जैन व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गिऱ्हाइकाने मापून, फाडून घेतलेले कापड दुसऱ्या दिवशी परत आणले तर दुकानदाराला काय वाटते, हे अशा घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच घरात लग्न निघाले की हा विवेक कधीकधी मांडवाच्या दाराशीच थांबतो. मुहूर्त उद्यावर आलेला असतो आणि आदल्या रात्री फुलांची सजावट करणाऱ्याला निरोप जातो : व्यासपीठामागची फुले पांढरी नकोत, गुलाबी हवीत, प्रवेशद्वाराची कमान राहू द्या, त्याऐवजी बोहल्याभोवती झालर करा, गजरे शंभर सांगितले होते, ते दीडशे करा. निरोप देणाऱ्याला ही किरकोळ बाब वाटते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते फाडलेले कापड परत घेण्यासारखेच असते.

खरे तर त्याहूनही कठीण. परत आलेले कापड फडताळात ठेवता येते. आज नाही तर महिन्याने त्याला गिऱ्हाईक मिळते. तोडलेल्या फुलाला ती सवड नसते. म्हणून फुलांच्या सौद्यात ऐनवेळी बदल करायचा झाल्यास तो कसा करावा, कोणता बदल शक्य असतो, कोणता नसतो आणि त्याचा भार कोणी उचलावा, याचा विचार लग्नघराने मांडव पडण्यापूर्वीच केलेला बरा.

तोडणीपासून तोरणापर्यंत

सजावटकार बदलाला नकार देतो तेव्हा तो आडमुठेपणा करतो, असा समज सहज होतो. पण बहुतेक वेळा नकार त्याचा नसून फुलाचा असतो. फुले मांडवात पोहोचेपर्यंत काय काय घडते ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल.

पुण्याचा मार्केट यार्डातील फुलबाजार काय किंवा मुंबईतील दादरचा फुलबाजार काय, दोन्हीकडे दिवस पहाटेच सुरू होतो. वसईच्या पट्ट्यातील बागायतदार सकाळच्या गाडीने दादरला फुले आणतात. पुण्यात आसपासच्या तालुक्यांतून झेंडू, शेवंती, गुलछडी, अॅस्टर असा माल येतो. ही सुटी फुले किलोवर विकली जातात. आज सकाळी बाजारात आलेली फुले आज रात्री ओवली जातात आणि उद्या सकाळी मांडवात लागतात. म्हणून या फुलांच्या मागणीत आदल्या दिवशी पहाटेपर्यंत, म्हणजे खरेदी होण्याआधी, वाढ किंवा घट करता येते. खरेदी झाल्यानंतर सांगितलेली वाढ मिळेलच असे नाही, आणि घट सांगितली तरी पैसे गेलेलेच असतात.

दुसरा वर्ग दांडीच्या फुलांचा. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही फुले हरितगृहांतून येतात. डच गुलाबाची गड्डी वीस नगांची असते. हा गुलाब घट्ट कळीच्या अवस्थेत कापतात, थंड खोलीत ठेवतात आणि मग बाजारात पाठवतात. मांडवात तो उमललेला दिसावा यासाठी अनुभवी सजावटकार एक-दोन दिवस आधीच खरेदी करतो, दांड्यांची टोके पुन्हा कापतो आणि त्या पाण्यात उभ्या करून ठेवतो. आदल्या संध्याकाळी आणखी वीस गड्ड्या मागितल्या आणि त्या मिळाल्याही, तरी त्या कळ्याच असतात. भिंतीवर त्या लहान व विरळ दिसतात आणि मग तक्रार होते की सजावट भरगच्च झाली नाही.

तिसरा वर्ग दुरून येणाऱ्या फुलांचा. सजावटीत दिसणारे जांभळे व पांढरे ऑर्किड मोठ्या प्रमाणावर थायलंडहून विमानाने येतात. लिलीच्या काही जाती, विशिष्ट छटेची फुले यांची मागणी व्यापाऱ्याकडे आधी नोंदवावी लागते. निळा गुलाब तर निसर्गतः नसतोच. पांढऱ्या फुलाला रंग चढवून तो करतात आणि त्याला वेळ लागतो. अशा फुलांच्या बाबतीत आठवडाभर आधी ठरलेली गोष्ट शेवटचीच समजावी.

मोगऱ्याची गोष्ट यांहून निराळी आहे. पूर्ण वाढलेली पण न उमललेली कळी पहाटे खुडतात आणि ती त्याच संध्याकाळी उमलते. संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी त्या दिवशीच्या कळ्यांचे गजरे उत्तम. पण समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळवर नेला तर तेच गजरे रात्रीतून उमलून पिवळे पडू लागतात. ओल्या कापडात गुंडाळून थंडाव्यात ठेवले तरच थोडे टिकतात. घरच्यांच्या लेखी बदललेली असते फक्त वेळ. फुलवाल्याच्या लेखी सगळा गजराच बदललेला असतो.

फुले आली म्हणजे काम संपले असेही नाही. हार ओवणाऱ्या स्त्रिया, चौकटी उभारणारे कारागीर, गाडीवाले यांची माणसे त्या रात्रीसाठी ठरलेली असतात. मंगल कार्यालय आधीच्या समारंभानंतर रिकामे होऊन हातात येते ते बहुधा रात्रीच. पहाटेपर्यंतच्या त्या मोजक्या तासांत व्यासपीठ, बोहले, कमान, वरमाला, मुंडावळ्या, नवरदेवाची गाडी असे सगळे पुरे करायचे असते. चौकट उभी राहिल्यावर व्यासपीठाची दिशा फिरवायला सांगणे म्हणजे एकही नवे फूल न मागता अर्धी रात्र मागणे होय.

सगळे बदल सारखे नसतात

मागणी वाढवणे अवघड आणि कमी करणे सोपे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कमी मागितले तर समोरच्याचे काम हलकेच होणार, असा त्यामागचा हिशेब. फुलांच्या व्यवहारात बहुधा याच्या उलट असते. वाढ मागितली तर सजावटकार सरळ सांगू शकतो की माल मिळेल किंवा मिळणार नाही. मिळाला तर त्याचे पैसे मिळतात. घट सांगितली तेव्हा माल विकत घेऊन झालेला असतो आणि त्याला दुसरे गिऱ्हाईक शोधायला हाताशी एक रात्रही नसते. म्हणून घट सांगायची तर ती सर्वांत आधी सांगावी.

रंगबदल हा घट आणि वाढ यांचा जोडबदल आहे. पांढऱ्याऐवजी गुलाबी मागताना पांढरी फुले रद्द होतात आणि गुलाबी नव्याने घ्यावी लागतात. शिवाय रंग हा फुलांपुरता राहत नाही. मागचे कापड, दिवे, खुर्च्यांच्या फिती यांच्याशी तो जुळवलेला असतो. स्थळबदल हा मजुरीचा बदल. वेळेचा बदल हा ताजेपणाचा बदल. प्रत्येकाचा खर्च वेगळा असल्याने ‘थोडासा बदल’ हा शब्द लग्नघराने फुलवाल्याजवळ जपूनच वापरावा.

हंगामाचाही विचार हवा. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. कार्तिकी पौर्णिमा उलटली की थांबलेली लग्ने एकदम सुरू होतात आणि एकाच मुहूर्तावर एकाच गावात अनेक मांडव पडतात. त्यातच मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेमुळे महाराष्ट्रात फुलांची मागणी वाढते. थंडीत मोगऱ्याचा बहर ओसरलेला असतो, त्यामुळे नेमक्या लग्नसराईत गजरा महाग असतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मावळ-तळेगाव भागातील गुलाब १४ फेब्रुवारीसाठी परदेशी आणि मोठ्या शहरांत रवाना होत असतो. अशा दिवसांत ऐनवेळी ‘भाव काहीही लावा, पण फुले आणा’ असे म्हटल्याने फुले उगवत नाहीत. ती दुसऱ्या मांडवातून काढली जाण्याची शक्यता मात्र वाढते, आणि तो मांडवही कोणाच्या तरी लेकीचाच असतो.

नुकसान कोणी सोसायचे?

या प्रश्नावरच बहुतेक वाद होतात आणि ते लग्नानंतर, हिशेबाच्या वेळी होतात. घरच्यांचे म्हणणे असते : जे लावले नाही त्याचे पैसे कसले? सजावटकाराचे म्हणणे असते : सांगितले तेवढे आणले, मग पूर्ण पैसे द्या. दोन्ही बाजूंत थोडे सत्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. साठ गड्ड्या डच गुलाब ठरले होते. सजावटकाराने ते २०० रुपये गड्डीने खरेदी केले, म्हणजे १२,००० रुपये गुंतले. आदल्या रात्री आठ वाजता निम्मेच लावायचे ठरले. तीस गड्ड्या, म्हणजे ६,००० रुपयांचा माल, त्याच्या अंगावर राहिला. त्यातल्या दहा गड्ड्या त्याने त्याच दिवशीच्या दुसऱ्या कामात वापरल्या. ते २,००० रुपये सुटले. आणखी दहा सकाळी किरकोळ विक्रेत्याला निम्म्या भावाने दिल्या; १,००० रुपये आले. उरलेल्या दहा वाया गेल्या. प्रत्यक्ष तोटा ३,००० रुपयांचा झाला. घराने द्यायचे ते हे ३,००० आणि त्या रात्रीसाठी ठरवून ठेवलेल्या माणसांची मजुरी. पूर्ण ६,००० मागणे अतिरेकी, आणि काहीच न देणे अन्यायाचे. सजावटकाराचा बुडालेला नफा किती धरायचा, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे; ठरवणारे दोघेही व्यापारीच असतात.

कायद्याची दिशाही हीच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ६२ प्रमाणे झालेला करार बदलायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. एकाने निरोप पाठवला म्हणून करार बदलत नाही. कलम ७३ प्रमाणे करारभंगामुळे स्वाभाविकपणे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मिळते, मात्र ती मोजताना नुकसान कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते तेही विचारात घेतात. म्हणजे उरलेला माल इतरत्र खपवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे हे सजावटकाराचे काम. आणि ‘रद्द केल्यास इतकी रक्कम द्यावी लागेल’ अशी अट लिहिलेली असली तरी कलम ७४ ती रक्कम कमाल मर्यादा मानते. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ अशा व्यवहारात क्वचितच येते आणि येऊही नये. पण न्याय्य हिशेब कोणता, हे ठरवायला ही कलमे चांगली कसोटी आहेत.

दुसऱ्या बाजूचे कर्तव्य

बदल नेहमी लग्नघराकडूनच होतो असे नाही. ठरलेली फुले बाजारात आली नाहीत, पावसाने झेंडू भिजून सडू लागला, विमानाने येणारा माल अडकला, अशा वेळी सजावटकारही बदल करतो. त्याने तो आधी सांगून केला तर त्यात वावगे काही नाही. न सांगता महाग फुलाच्या जागी स्वस्त फूल लावणे, ताज्या मालात कालचा माल मिसळणे, किलोच्या मापात कमी देणे हे मात्र खपवून घेऊ नये.

जैन वाचकांना हे दोष नवे नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमीजास्त करणे आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्या मालाच्या नावाखाली दुसराच माल खपवणे, हे दोन आहेत. सजावटकार कोणत्या धर्माचा आहे हा प्रश्न नाही; आपल्या दुकानात जो दोष आपण टाळतो, तो समोरच्याकडून टाळला जावा अशी अपेक्षा करणे रास्त आहे. पण हीच तुला आपल्याकडेही फिरते. समोरच्याने आपल्या शब्दावर विसंबून खर्च केला आणि तो खर्च आपण नाकारला, तर न दिलेली वस्तू आपण घेतली, असेच त्याचे रूप होते. लग्नाच्या गडबडीत झालेले हे घेणे कोणाच्या नजरेस येत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

अनर्थदंडाचा विचार

पैशांची भरपाई करता येते. फुलांची करता येत नाही. जैन विचारात वनस्पती सजीव आहे. तिचा उपयोग गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होते; म्हणूनच त्यांनी प्रयोजन आणि निष्प्रयोजन यांत भेद केला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत जमीन उकरणे, पाणी सांडणे यांसारख्या आरंभांबरोबर वनस्पतीचा निष्फळ छेदही मोजला आहे. मांडवात लागलेल्या फुलाला काही प्रयोजन तरी असते. मागितलेले, तोडलेले, आणलेले आणि मग मन बदलल्यामुळे कोपऱ्यात पडून राहिलेले फूल हा निष्फळ छेदाचाच नमुना आहे. त्यामागे द्वेष नसतो, लोभही नसतो. असते ती केवळ बेपर्वाई. प्रमाद म्हणतात तो हाच.

पुष्पपूजेविषयी आपल्या परंपरांमध्ये मतभेद आहेत. कोणी ताजी फुले अर्पण करतात, कोणी केशरी अक्षतांचा उपयोग करतात, कोणी मूर्तिपूजाच करीत नाहीत. पण निष्कारण हिंसा टाळावी याबाबत दुमत नाही. म्हणून सजावट किती करावी, हा प्रश्न सौद्याच्या आधीच विचारावा. जिथे पाहुण्यांची नजर व वधूवरांचे विधी आहेत, तिथे फुले. बाकी ठिकाणी कापड, दिवे, पितळी समया, कुंड्यांतील जिवंत रोपे. अशा कुंड्या काम झाल्यावर परत जातात. मागणी लहान आणि नेमकी असली की बदलाची पाळीही कमी येते. जेवणाच्या टेबलांवर व पंगतीजवळ फुले टाळली तर त्यांतील बारीक कीटक अन्नात पडण्याची धास्तीही राहत नाही.

चिठ्ठीत काय असावे

चातुर्मासाचा निवांत काळ हा कार्तिकानंतरच्या लग्नांची बोलणी पक्की करण्यास सोयीचा असतो. त्या वेळी विसार देताना सजावटकाराबरोबर एक साधी चिठ्ठी करावी. तीत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

१. जागावार तपशील : व्यासपीठ, बोहले, कमान, गाडी, वरमाला, मुंडावळ्या, गजरे. प्रत्येकापुढे फुलाचे नाव, रंग आणि परिमाण; झेंडू-शेवंती किलोमध्ये, गुलाब गड्डीमध्ये, गजरे नगांमध्ये. ‘भरगच्च’, ‘सुंदर’, ‘फोटोत आहे तसे’ हे शब्द परिमाण नव्हेत.

२. पर्यायी फुले : ठरलेले फूल न मिळाल्यास त्याऐवजी कोणते चालेल आणि कोणते मुळीच चालणार नाही. पर्याय स्वस्त असल्यास फरक कमी होईल, हेही लिहावे.

३. बदलाची शेवटची मुदत : दुरून येणाऱ्या फुलांसाठी साधारण आठवडा, दांडीच्या फुलांसाठी तीन दिवस, सुट्या फुलांसाठी आदल्या दिवशीची पहाट, अशा वेगवेगळ्या मुदती असाव्यात. नेमके दिवस सजावटकाराला विचारून घालावेत.

४. वाढीव कामाचा दर : एक जादा वरमाला, दहा जादा गजरे, एक जादा कमान यांचा दर आधीच लिहिलेला असला तर ऐनवेळी घासाघीस होत नाही आणि अडवणूकही होत नाही.

५. घट झाल्यास हिशेब : खरेदीची चिठ्ठी दाखवून, इतरत्र खपलेला माल वजा करून उरलेला तोटा घराने द्यावा.

६. जागा ताब्यात मिळण्याची वेळ, सजावट पूर्ण होण्याची वेळ आणि उरलेले साहित्य उचलण्याची वेळ.

७. बोलणारा माणूस : घराकडून एक आणि सजावटकाराकडून एक. या दोघांखेरीज कोणाचाही शब्द बदल म्हणून धरला जाणार नाही.

सातवे कलम सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगाचे आहे. लग्नघरात काका, मामा, आत्या, वधूच्या मैत्रिणी असे सगळेच आपुलकीने सूचना करतात. सासरच्या मंडळींचीही एखादी इच्छा असते. सजावटकाराला आठ ठिकाणांहून आठ निरोप गेले की तो शेवटचा पाळतो किंवा सर्वांत मोठ्या आवाजाचा. घरातील एका शांत व्यक्तीकडे हे काम सोपवावे; बहुधा ती वधूवरांचे आईवडील नसलेली बरी, कारण त्यांना त्या दिवशी उसंत नसते.

तरीही बदल करावाच लागला तर

सगळे ठरवूनही प्रसंग येतात. पाहुणे वाढतात, पाऊस मोकळ्या जागेतला समारंभ सभागृहात आणतो, मुहूर्त पुढेमागे होतो. अशा वेळी प्रथम फोन करावा आणि मग तेच लिहून पाठवावे. रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर नुसते छायाचित्र टाकून ‘असे करा’ म्हणणे हा बदल कळवण्याचा मार्ग नव्हे. फोनवर पहिला प्रश्न ‘होईल ना?’ असा नसावा; ‘आतापर्यंत काय खरेदी झाले आहे?’ असा असावा. त्या उत्तरावरून काय शक्य आहे ते आपोआप कळते.

लिहून पाठवायचा मजकूर थोडका असावा : ‘वरमाला व बोहल्याची सजावट ठरल्याप्रमाणेच. कमान रद्द. कमानीचा झेंडू जिन्याच्या कठड्याला लावावा. गजरे १०० ऐवजी १३०, दर चिठ्ठीप्रमाणे. कमानीच्या मजुरीत बदल नाही. कृपया मान्य असल्याचे कळवावे.’ यात काय तसेच राहिले, काय गेले, आलेला माल कुठे वापरायचा आणि पैशांचे काय, ही चारही उत्तरे आहेत. ‘मान्य’ असे उत्तर येईपर्यंत बदल झाला असे समजू नये.

आलेल्या मालातूनच बदल साधता येतो का, हे आधी पाहावे. रंग बदलण्यापेक्षा प्रमाण बदलणे सोपे. पांढऱ्या फुलांत हिरवी पाने आणि थोडी गुलाबी फुले मिसळली तर बरेचदा इच्छा पुरी होते आणि एकही गड्डी वाया जात नाही. वरमाला, मुंडावळ्या यांसारख्या विधीच्या वस्तूंना शेवटच्या रात्री हात लावू नये. आणि ज्या कारागिरांना रात्र जागवावी लागली, त्यांची जादा मजुरी त्याच सकाळी, त्यांच्या हातात पडेल याची खात्री करून द्यावी. हिशेब उशिरा झाला तर सजावटकार थांबू शकतो. रोजंदारीचा माणूस थांबू शकत नाही.

दुःखद प्रसंगी

कधी घरात मृत्यू होतो, सूतक येते आणि समारंभ पुढे ढकलावा लागतो. त्या घटकेला फुलांचा विचार कोणाच्या मनात येणार? तरीही नात्यातील एखाद्याने हे काम आपणहून अंगावर घ्यावे आणि मंडप, स्वयंपाक व फुले या तिघांना लगेच कळवावे. एका तासाने आधी कळले तर पहाटेची खरेदी थांबते. अनेक फुले झाडावरच राहतात. अशा प्रसंगी बहुतेक सजावटकार सामोपचाराने घेतात, विसार पुढच्या तारखेला धरतात. त्यांच्या या सौजन्याचा अर्थ त्यांचे नुकसान झाले नाही असा मात्र घेऊ नये. सुतक फिटल्यावर कुटुंबाने स्वतःहून बोलावून हिशेब करावा.

आलेल्या फुलांचे काय करावे, हाही प्रश्न उरतो. सजावटीची उरलेली फुले मंदिरात पाठवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पण वापरलेली, अंगावर धारण केलेली किंवा हुंगलेली फुले पूजेला चालत नाहीत. तेथील विश्वस्तांना विचारल्याखेरीज असे करू नये. एखाद्या वृद्धाश्रमाला विचारून ताजी फुले तेथे पाठवता येतात. बाकीची खतात जावीत. तत्पूर्वी तारा, टाचण्या, फिती आणि फुले खोचण्याचा हिरवा स्पंज वेगळा काढावा, कारण तो स्पंज कुजत नाही. सजावट ठरवतानाच स्पंजाऐवजी पाण्याची भांडी वापरण्यास सांगितले तर हाही त्रास वाचतो.

लग्नाचे फोटो वर्षानुवर्षे पाहिले जातात. त्यांत कमान होती की नव्हती, भिंत पांढरी होती की गुलाबी, हे काही दिवसांनी कोणाला आठवतही नाही. त्या मांडवात राबलेल्या माणसांना मात्र आठवत असते की कोणत्या घराने शब्द पाळला, कोणी बदल सांगितला पण त्याचा भारही उचलला, आणि कोणी हिशेबाच्या दिवशी तोंड फिरवले. बाजारात कुटुंबाची पत दुकानाच्या गल्ल्यावरच ठरते असे नाही. ती अशा ठिकाणीही ठरत असते, आणि पुढच्या मुलीच्या लग्नाला तोच सजावटकार पुन्हा दारात येतो की नाही, यावरून ती कळते.